वरच्या फळीवरची वर्षे

मित्रांनो, मी शिडी आहे. लाकडाची, उंच, आणि आता एका बाजूला किंचित झुकलेली. जुनी आहे हे वेगळे सांगायला नको. माझ्या अंगावरची जळमटेच ते सांगतात. तुम्ही म्हणाल, शिडीला कसले आले आहे आयुष्य? चढणारे चढतात आणि उतरणारे उतरतात. खरे आहे. पण मी जिथे उभी आहे तिथे माणसे आपले घर आपलेच आहे का, हे शोधायला येतात. अशा ठिकाणी शिडीच्याही जिवाला घोर लागतो.

ही जागा म्हणजे नोंदणी कार्यालयाचा दप्तरखाना. पुढच्या दालनात लोक घरे आणि जागा विकतात, विकत घेतात, बक्षीस देतात, भावाभावांत वाटून घेतात. तिथे जो कागद होतो त्याला दस्त म्हणतात. प्रत्येक दस्ताची नक्कल मागच्या या खोलीत जाड बाडांमध्ये बांधून ठेवलेली असते, आणि कोणी कोणाला काय लिहून दिले याची दर वर्षाची सूची वेगळी असते. थोडी फी भरली की ती सूची कोणालाही पाहता येते. त्यासाठी वकीलच लागतो असे मुळीच नाही. पण ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे ते ती आपण होऊन सांगत नाहीत.

माझा जन्म याच खोलीत झाला. सुताराने आधी भिंतभर लावलेल्या फळ्या पाहिल्या आणि मग लाकूड निवडले. सगळ्यात वरच्या फळीपर्यंत हात पोचला पाहिजे, एवढेच त्याला सांगितले होते. फरशीवर घसरू नये म्हणून त्याने माझ्या पायांना जुन्या टायरचे तुकडे ठोकले. काम झाल्यावर तो स्वतः शेवटच्या पायरीवर जाऊन उभा राहिला आणि तिथे चक्क उड्या मारू लागला. खाली उभे असलेले, ही बाडे सांभाळणारे दप्तरपाल ओरडले, तेव्हा तो म्हणाला, मोडायची असेल तर आजच मोडू दे, उद्या कोणाचा जीव जायला नको. मी मोडले नाही. त्या दिवशी माझी मान ताठ झाली होती, हे मान्य करते.

ते दप्तरपाल मोठे शिस्तीचे होते. चढण्याआधी प्रत्येक पायरीवर बोटाने टकटक करून पाहायचे आणि मगच पाऊल टाकायचे. दर वर्षी नवी बाडे खालच्या फळीवर येत आणि जुनी वर सरकत. ते सगळे ओझे माझ्या अंगावरून वर गेले. मला अक्षरओळख नाही, मित्रांनो. पण कोणते वर्ष कुठे ठेवले आहे हे मला पाठ होते, कारण प्रत्येक वर्षाचा भार मी सोसलेला होता. तपासणीला आलेले वरिष्ठ म्हणत, इथे मागितलेला दस्त चहा निवायच्या आत समोर येतो. दप्तरपाल तेव्हा माझ्याकडे बघून हसत. मला तेवढे पुरे होते.

ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण कारकून आला. कामाला चोख, पण फार घाईचा. एकदा पुढच्या दालनातून हाक आली म्हणून तो बाडांची चवडच्या चवड छातीशी धरून उतरू लागला, आणि माझी वरून दुसरी पायरी काडकन मोडली. कारकून खाली आला तो कमरेवरच. कितीतरी महिने तो अंथरुणाला खिळून होता. परत आला तेव्हा एक पाय ओढत चालत होता, आणि आजही तसाच चालतो. त्याने मला कधी बोल लावला नाही. फक्त पुन्हा कधी माझ्यावर चढला नाही.

माझी पायरी बदलून मिळावी असा अर्ज गेला. वरून उत्तर आले की शिडी हे फर्निचर समजायचे की अवजार, ते आधी कळवावे. ते कळवले. मग विचारणा झाली की मूळ खरेदीची पावती कुठे आहे. खरेदी कसली, मी तर इथेच घडले होते. अशी पत्रे जात-येत राहिली आणि माझ्या दुरुस्तीची फाईल माझ्यापेक्षा जड झाली. मला कपाटाच्या मागे कोपऱ्यात उभे केले. झाडणाऱ्या बाई माझ्या पायऱ्यांवर ओली फडकी वाळत घालू लागल्या. एवढ्यावर भागले असते तर मी काही बोलले नसते.

पण झाले असे की वरच्या फळीकडे कोणी जाईनासे झाले. कोणी तिथल्या वर्षांचा दस्त मागायला आले की कारकून आधी म्हणायचा, "वरचं आत्ता काढता येणार नाही." काही वर्षांनी म्हणू लागला, "वरचं मिळत नाही." आणि मग एक दिवस मी ऐकले, तो म्हणत होता, "वर काही नाही." त्याने खोटे बोलायचे ठरवले नव्हते. रोज तेच तेच बोलता बोलता त्याला स्वतःलाच ते खरे वाटू लागले होते.

पुढे संगणक आले. ठेकेदाराची माणसे यंत्रे घेऊन बसली आणि जिथपर्यंत हात पोचत होता तिथपर्यंतची बाडे त्यांनी संगणकात चढवली. वरच्या फळीकडे एकाने पाहिले होते. पण शिडी कुठे आहे असे त्याने विचारले नाही, आणि कोणी सांगितलेही नाही. त्या दिवसापासून वरची वर्षे या जगातून नाहीशीच झाली. संगणक नाही म्हणाला की नाही. कारकून छापील दाखल्यावर 'नोंद आढळली नाही' असे लिहायचा, शिक्का मारायचा आणि माणसे तो कागद घडी घालून खिशात ठेवून जायची. मी कोपऱ्यातून पाहत राहायचे. मला ओरडता येत असते तर मी घसा फुटेपर्यंत ओरडले असते.

अशा दिवसांत त्या बाई आल्या. कपडे शिवायचे काम करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या, बोलायला तिखट. गळ्यात मोजायची टेप तशीच राहिली होती आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हते. त्यांच्याजवळ कारकुनाचाच दाखला होता, शिक्क्यासकट. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या की, मला हे पटत नाही, मी स्वतः शोधणार.

त्यांची हकीकत अशी होती. त्यांचे वडील बसमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त. तीन खोल्यांचे घर, पुढच्या खोलीत बाईंचे शिवणाचे मशीन. हे घर आजोबांचे. आजोबांच्या मागे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ यांनी वाटणी केली: थोरल्यांनी शहराबाहेरची रिकामी जागा घेतली, धाकट्यांनी घर घेतले. वाटणीचा दस्त याच कार्यालयात नोंदवला. मूळ कागद थोरल्या भावाने ठेवून घेतला आणि वडिलांनी कधी नक्कलसुद्धा मागितली नाही. भावाकडे आहे म्हणजे आपल्याकडेच आहे, असे ते म्हणायचे. थोरल्यांनी आपली जागा केव्हाच विकली. ते वारले, आणि त्यांच्या मुलाने 'आमच्यात वाटणी झालेलीच नाही' असे म्हणत या घराचा अर्धा हिस्सा एका बांधकामवाल्याला विकून टाकला. बांधकामवाल्याने आधी शोध घेतला होता. अर्थात काही आढळले नव्हते.

आता त्याची नोटीस आली होती. वकिलांनी बाईंना सरळ सांगितले की वाटणीचा दस्त असेल तर सगळे घर तुमचे, नसेल तर अर्धे गेले, आणि तीन खोल्यांचे दोन भाग होत नसल्यामुळे सगळेच विकावे लागेल. त्यापेक्षा तडजोड करा, थोडी रक्कम घ्या आणि घर सोडा. तडजोडीचा कागद तयार होता. वडिलांची सही तेवढी बाकी होती.

बाईंना वर्ष माहीत नव्हते, हीच खरी पंचाईत. वडील म्हणायचे, तू तेव्हा दुसरीत होतीस. मग म्हणायचे, नाही, दहावीत. धाकटा झाला नव्हता. नाही, शाळेत जात होता बहुतेक. त्यामुळे बाईंनी ठरवले की एका टोकापासून सगळी वर्षे वाचायची. सकाळी मशीनवरचे काम उरकून त्या येत आणि दप्तरखाना बंद होईपर्यंत बसत. प्रत्येक वर्षाची सूची तीनदा वाचत: लिहून देणाऱ्याच्या नावाने, घेणाऱ्याच्या नावाने आणि घराच्या नंबराने. वाचून झालेल्या बाडात त्या कापडाची एक चिंधी अडकवून ठेवत. थोड्याच दिवसांत खालच्या फळ्यांवरच्या बाडांना रंगीबेरंगी शेपट्या फुटल्या. कारकून चिडवायचा की आता मशीनही इथेच आणून मांडा. बाई मान वर न करता म्हणायच्या की आणले असते, पण तुमच्या दिव्यात सुईत दोरा ओवला जाणार नाही.

हसण्याचे दिवस लवकर संपले. एक फळी झाली, दुसरी झाली, काही हाती लागेना. बाईंचे डोळे सुजलेले दिसू लागले. एका दुपारी त्यांचा धाकटा भाऊ डबा घेऊन आला. तो मालवाहू गाडी चालवतो, आठवड्यातून एकदा घरी असतो. तो बहिणीवर रागावला नाही. तिच्या शेजारी बसला आणि अगदी हळू बोलला.

"ताई, गाडी चालवताना मला सारखं दिसतं, की कुणीतरी बाबांचं सामान रस्त्यावर आणून ठेवतंय. त्यांची खाट, त्यांची पेटी. ते बघण्यापेक्षा आपण आपणहून निघू. पुढच्या आठवड्यात मी घरी आहे. सही करून मोकळे होऊ."

बाईंनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. भाऊ गेल्यावर त्यांनी पुढचे बाड ओढले.

त्यानंतर एक दिवस त्यांचे वडील स्वतः आले. जिने चढून दमले होते. बसायला बाक होते, पण ते कपाटाजवळ माझ्यापाशी येऊन थांबले आणि त्यांनी माझ्या पायरीला धरून श्वास घेतला. मुलगी पाठमोरी वाचत होती. ते कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "राहू दे आता, बाळ. वाटणी झालीच नसेल कदाचित. मलाच वाटत असेल."

मित्रांनो, मी लाकूड आहे, पण ते शब्द ऐकून मला आतून चिरल्यासारखे झाले. त्या माणसाने आयुष्यभर तिकिटाच्या पैशाचा हिशोब चोख दिला होता. स्वतःच्या भावाबरोबर जाऊन केलेली गोष्ट त्यांना स्पष्ट आठवत होती. पण सगळ्या जगाने शिक्का मारून सांगितले की ती झालीच नाही, आणि आता त्यांचाही स्वतःवरचा विश्वास उडाला होता. त्यांचा हात माझ्यावर होता. त्यांनी फक्त मान वर केली असती तर त्यांना ती फळी दिसली असती.

बाई वडिलांना रिक्षात बसवून परत आल्या आणि खुर्चीवर नुसत्या बसून राहिल्या. घर गेले तर भाड्याने राहू, असे त्या कारकुनाला म्हणाल्या, पण आज बाबांनी स्वतःलाच खोटे ठरवले, त्याचे काय करू? कारकून खाली मान घालून शिक्क्याची गादी पुसत राहिला.

सहीचा दिवस उजाडला. पुढच्या दालनात वडील आणि भाऊ नंबर घेऊन बसले. बांधकामवाला त्यांच्या समोरच होता, इस्त्रीचे कपडे घालून, पाण्याची बाटली पुढे करत. बाई तिथे थांबल्या नाहीत. शेवटच्या राहिलेल्या बाडांसाठी त्या मागे आल्या. ती संपायला फार वेळ लागला नाही. शेवटचे बाड मिटून त्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली, आणि डोळे उघडले तेव्हा त्या वर पाहत होत्या.

"ती कोणती?" त्यांनी विचारले.

कारकून म्हणाला, "ती जुनी. तिथे काही नाही."

"तुम्ही पाहिलंत?"

कारकुनाने शिक्का उचलून गादीवर सरळ ठेवला.

"मी काय विचारते, भाऊसाहेब? माझ्या दाखल्यावर आढळलं नाही असं लिहिलंत. वर चढून पाहिलं होतंत का?"

"नाही," कारकून म्हणाला. "शिडी मोडलीय. वर कुणीच जात नाही."

बाई उठल्या. मला वाटले त्या कारकुनाच्या अंगावर जाणार. पण त्यांनी इकडेतिकडे पाहिले, कपाटामागे आल्या, माझ्यावरची फडकी खाली फेकली आणि मला दोन्ही हातांनी धरून बाहेर ओढले. इतक्या वर्षांनी मला कोणीतरी कामासाठी हात लावला होता. कारकून पाय ओढत मध्ये आला आणि म्हणाला की ही माणूस पाडते, माझ्याकडे बघा. बाई म्हणाल्या की पडले तर पडले, रस्त्यावर यायचेच आहे.

त्यांच्या कामाच्या पिशवीत कापड मोजायचा लाकडी गज होता. तो त्यांनी मोडक्या पायरीच्या जागी आडवा धरला आणि पिशव्यांना लावायच्या जाड पट्ट्यांनी माझ्या दोन्ही बाजूंना करकचून बांधला. अशी गाठ मारली की माझे लाकूड कुरकुरले. मग त्यांनी चपला काढल्या आणि पदर खोचला. तेव्हा कारकून खाली बसला आणि त्याने माझे दोन्ही पाय घट्ट धरले.

बाई चढू लागल्या. मशीन चालवणारी ती पावले, टाच कडक आणि बोटे भक्कम. गजावर त्यांनी पाऊल टाकले तेव्हा तो वाकला. मी माझ्या सगळ्या बळाने दोन्ही बाजू आवळून धरल्या. एवढे एकदा मला उभे राहू दे, मग भले माझी ढलपी ढलपी होऊ दे, असे मी मनात म्हणत होते.

वर धुळीचा थर बोटभर होता. बाड खाली आणून टेबलावर वाचायला वेळच नव्हता. बाहेर नंबर पुकारले जात होते. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या एक सूची उघडली. नाही. दुसरी उघडली. तिला कसर लागलेली, पाने चाळणी झालेली. त्यातूनही त्या बोट फिरवत गेल्या. नाही. तिसरीही तशीच. खोकला येऊन त्या हलल्या, गज कुरकुरला आणि खालून कारकून म्हणाला, "ताई, उतरा आता." त्या उतरल्या नाहीत. बाहेर त्यांच्या वडिलांचा नंबर पुकारल्याचे आम्ही तिघांनीही ऐकले.

पुढची सूची त्यांनी घराच्या नंबरापासूनच सुरू केली. पान उलटले. अजून एक उलटले. मग त्यांची टाच गजावर एकदम स्थिर झाली.

"आहे," त्या म्हणाल्या. "वाटणीपत्र. आहे."

सूचीत दस्ताचे बाड आणि पान दिले होते, आणि ते बाड तिथेच, त्याच फळीवर होते. त्यांनी ते ओढून काढले आणि पान उघडले. कारकून खालून म्हणाला, वाचा. त्यांनी वाचले की थोरल्या भावाने अमुक जागा घेतली, आणि या घरावर त्याचा वा त्याच्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही. खाली दोघा भावांच्या सह्या. बाई तिथेच, माझ्यावर उभ्या राहून रडू लागल्या. रडायलाही वेळ नव्हता. त्या भराभर उतरल्या.

बाड दप्तरखान्याबाहेर न्यायला सक्त मनाई आहे. ते बाईंनी उचलले असते तर दारातच अडवले गेले असते. कारकुनाने ते त्यांच्या हातून घेतले, छातीशी धरले आणि लंगडत पुढच्या दालनाकडे निघाला. दार उघडेच राहिले, म्हणून पुढचे मला ऐकू आले.

नोंदणी अधिकारी सही घेण्याआधी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतात. विचारायचा म्हणून विचारतात, आणि लोकही हो म्हणायचे म्हणून म्हणतात. अधिकाऱ्यांचा आवाज आला, "आजोबा, हा दस्त तुम्ही राजीखुशीने करून देताय ना?"

"हो म्हणा, बाबा," भाऊ म्हणाला.

तेवढ्यात बाड टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. कारकून एवढेच म्हणाला, "साहेब, जरा थांबा. आमच्याकडून चूक झालीय." मग कागद उलटल्याची सळसळ. बांधकामवाल्याने हा काय प्रकार आहे असे विचारले.

मग वडिलांचा आवाज आला. "ही दादाची सही. त्या दिवशी त्यानं माझं पेन घेतलं होतं. परत दिलंच नाही." आणि मग त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले, "नाही, साहेब. राजीखुशीनं नाही."

मित्रांनो, गोष्ट इथे थांबवली तर तुम्ही समाधानाने झोपाल. मलाही थांबवावीशी वाटते. घर वाचले. बाईंच्या मशीनची खडखड त्याच खोलीत चालू आहे. पण मी तुम्हाला गोड गोष्ट सांगायला बसलेले नाही.

काही दिवसांनी बाई दस्ताची शिक्क्याची नक्कल घ्यायला आल्या. त्यांनी आपला गज परत मागितला नाही. कारकुनाने नक्कल त्यांच्या हातात दिली, पण हात लगेच मागे घेतला नाही.

"ताई, तुम्ही भांडलात," तो म्हणाला. "बाकीचे माझ्या शिक्क्यावर विश्वास ठेवून गेले. त्या वर्षांचे किती दाखले मी दिलेत, मला आठवतसुद्धा नाहीत."

"ते लोक कुठे आहेत आता?" बाईंनी विचारले.

"माहीत नाही. घरं तर गेली असतील."

बाईंनी नक्कल घडी घालून पिशवीत ठेवली. त्या गेल्यावर कारकून माझ्यापाशी आला. त्याने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवले, मग दुसऱ्या. तिसरीवर त्याच्या कमरेतून कळ आली आणि तो खाली उतरला. भिंतीला टेकून तो वर पाहत राहिला, आणि मीही पाहत राहिले. बाईंनी वाचलेल्या सूच्यांच्या पलीकडे अजून कितीतरी बाडे तशीच आहेत. त्यांत कोणाकोणाची अंगणे आहेत, माड्या आहेत, दुकाने आहेत. त्या घरांची माणसे आज कोणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकून निजत असतील आणि म्हणत असतील, मलाच वाटत असेल.

कारकुनाने नवा अर्ज केला आहे. वरून उत्तर आले आहे की प्रकरण विचाराधीन आहे, तोवर सदर शिडी वापरू नये. तसा कागदही माझ्या अंगावर चिकटवला आहे. गजाची गाठ दिवसेंदिवस सैल होते आहे.

म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो. मोठे झालात की कोणी तुम्हाला 'नाही' असा कागद शिक्का मारून दिला तर तो मुकाट्याने खिशात घालू नका. तुम्ही पाहिलंत का, एवढे विचारा. आणि तुम्हीच उद्या टेबलाच्या त्या बाजूला बसलात, तर न पाहता 'नाही' लिहू नका. माझ्यासाठी मला काही नको. आयुष्य काढले, अजूनही काढीन. पण माझी एक पायरी बसवून द्या. एका सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. रोज सकाळी दार उघडते आणि कोणीतरी आत येऊन विचारते, आमच्या घराचा कागद सापडेल का? त्यांना काय सांगायचे, ते आता कारकुनाला सुचत नाही. तो नुसता वर बघतो. लवकर कोणीतरी या.